चित्र वाईटच राहू द्या, काका

छत्री बसवायला आलेल्या माणसाला लोक आधी उंबऱ्याबाहेर चपला काढायला लावतात आणि मग अनवाणीच तापलेल्या पत्र्यावर चढवतात. माझ्या नोकरीचं सगळं सार या एका वाक्यात आलं. पण संपादकांना पानं भरून हवी आहेत, म्हणून जरा पसरून सांगतो.

मी उपग्रह वाहिन्यांच्या एका कंपनीचा तंत्रज्ञ. कार्डावर माझं पद इंग्रजीत लांबलचक छापलंय, पण अलिबागपासून म्हसळ्यापर्यंत सगळे मला डिशवाला म्हणतात. आगरी गावांतून दादूस म्हणतात, आणि एखाद्याचं चित्र ऐन मालिकेच्या वेळी गेलं तर जे म्हणतात ते दिवाळी अंकात लिहिता येणार नाही. केस पांढरे झाले, शिडी चढताना गुडघा बोलतो, तरी शिडी काही सुटलेली नाही.

काम तसं सोपं आहे. उपग्रह आभाळात एका जागी असतो. तो चंद्रासारखा उगवत नाही, मावळत नाही. आपल्या डिशचं तोंड बरोबर त्याच्याकडे पाहिजे आणि मधे काही यायला नको. नखाएवढा फरक पडला तरी पडदा काळा. म्हणून तर कोणत्याही गावात सगळ्या डिश एकाच दिशेला माना वर करून बसलेल्या दिसतात. नवख्या गावात रस्ता चुकलो की मी त्यांच्याकडे बघून दक्षिण शोधतो.

मधे काही यायला नको म्हटलं, पण चौल-रेवदंड्याच्या वाड्यांत माड मधे येतो. तो वाढताना कोणाला विचारत नाही. मी स्वच्छ आभाळ बघून डिश लावून जातो, आणि काही वर्षांनी त्याच आभाळात एक झावळी डोलायला लागते. वारा सुटला की नायिकेच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे, वारा पडला की नायिका पुन्हा अखंड. चौलच्या एका वाडीवाल्यांची तक्रार होती की मालिकेतली सासू काही महत्त्वाचं बोलायला लागली की नेमकं चित्र अडतं. मी त्यांना अंगणात नेऊन झावळी दाखवली आणि भीत भीत म्हटलं, "ही एवढी उतरवली तर..." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य गिळलं. म्हणाले, "माड नारळ देतो. सासू काय देते?" शेवटी डिश गोठ्यावर नेली. गाईने हरकत घेतली नाही.

पालीच्या एका गृहस्थांनी तर मी लावून दिलेली डिश दुसऱ्याच दिवशी स्वतः फिरवली आणि चित्र गेलं म्हणून मलाच फोन केला. जाऊन बघतो तर डिशचं तोंड थेट बल्लाळेश्वराच्या देवळाकडे. "देवाकडे पाठ करून टीव्ही बघायचा म्हणजे बरं दिसत नाही हो," ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, देव दाही दिशांना आहे. उपग्रहाला तेवढं जमत नाही, तो एकाच ठिकाणी आहे." त्यांना ते पटलं. चहा तर दिलाच, वर प्रसादाचा मोदकही दिला.

आता एचडीकडे वळतो, कारण माझ्या नोकरीची मागची काही वर्षं त्यातच गेली. एचडी म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी सांगायचो, "आधी तुम्हाला मैदान हिरवं दिसायचं, आता गवत दिसेल." सुरुवातीला अशा वाहिन्या मोजक्याच होत्या. एकीवर जंगली प्राणी, एकीवर इंग्रजी सिनेमे. सिंहाच्या मिश्या मोजता यायच्या, पण सिंहाच्या मिश्या मोजायला आमच्याकडे कोणी रिचार्ज करत नाही. मग कंपनीने जोर लावला. मराठी मालिका एचडीत आल्या, बातम्या आल्या, सिनेमे आले, शेवटी खेळही आले. दर महिन्या-दोन महिन्यांनी यादीत भर. आणि आमच्या फोनला उसंत नाही.

गंमत अशी की लोक एचडी घ्यायचे आणि बघायचे जुनंच. वाहिनी एचडी पाहिजे, डबा एचडी पाहिजे आणि डब्यातून टीव्हीत जाणारी वायरही एचडीची पाहिजे. लोक नवा डबा घ्यायचे आणि त्याला ती लाल-पांढरी-पिवळी, तीन शेपट्यांची जुनी वायर जोडायचे. वर शेजाऱ्यांना बोलावून विचारायचे, "बघा, फरक दिसतो ना?" शेजारी भला असेल तर हो म्हणायचा.

आणखी एक भानगड होती ती चित्राच्या आकाराची. जुना डबा चौकोनी चित्र पाठवतो आणि टीव्ही असतो रुंद. मग टीव्ही ते चित्र दोन्ही बाजूंनी ओढतो, आखूड चादर गादीला पुरवायला ओढतात तसं. माणसं आडवी फुगतात, चेंडू अंड्यासारखा होतो. आमच्या भागात कित्येक वर्षं सडपातळ नटी कोणी पाहिलेलीच नव्हती. म्हसळ्याला मुकादमचाचा दुबईतून निवृत्त होऊन आले ते भिंतभर टीव्ही घेऊन. त्यांच्या घरी मी आकार नीट करून दिला तर चाचींनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! ही पोरगी एवढी वाळली कशी? बीमार होती काय?" चाचा म्हणाले, "भाई, तू आपलं होतं तसं कर. हिला रात्री झोप नाही लागायची." मी होतं तसं केलं. गिऱ्हाइकाचं समाधान महत्त्वाचं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं आहे.

ह्या आडव्या चित्रानेच मला एकदा चांगलं कात्रीत धरलं. ते सांगतो. त्याला आता काळ लोटला, सगळ्यांना सगळं कळून चुकलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

पोयनाडच्या पुढे खाडीच्या अंगाला एक आगरी गाव आहे. पूर्वी तिथे घरटी मिठागर होतं, आता घरटी टेम्पो नाहीतर डंपर आहे. कबड्डी तेव्हाही होती, आताही आहे. तिथे हिराबाई आणि तिचा नवरा जनूभाऊ राहतात. जनूभाऊचा टेम्पो. माणूस दिलदार, आवाज गावभर. हिराबाई त्याच्या निम्मी बोलते आणि घर तिच्या शब्दावर चालतं. त्यांचा एकुलता एक मुलगा कल्पेश गावच्या संघातून खेळता खेळता टीव्हीवर दाखवतात त्या मोठ्या स्पर्धेतल्या एका संघात निवडला गेला आणि दूर कुठल्या शहरात जाऊन राहिला. खेळायचा डाव्या कोपऱ्यावर. ज्यांना कबड्डी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: कोपऱ्यावरच्या खेळाडूने चढाई करणाऱ्याचा घोटा धरायचा, आणि धरला की मग तोंडावर लाथ बसो नाहीतर काही होवो, सोडायचा नाही.

हिराबाईने त्याला पाठवला तो एका अटीवर. खाऊनपिऊन धड राहायचं. आबाळ झाली, हातपाय मोडून घेतले, तर मुकाट घरी यायचं आणि बापाच्या टेम्पोवर बसायचं. तिने ही अट सगळ्या आळीसमोर घातली होती, त्यामुळे ती मोडणं म्हणजे ग्रामपंचायतीचा ठराव मोडण्यासारखं होतं.

टीव्हीवर पोराची तब्येत मात्र झकास दिसत होती. मी एकदा त्यांच्याकडे दुरुस्तीला गेलो आणि नेमका सामना चालू होता. पडद्यावर कल्पेश म्हणजे तांदळाचं भरलेलं पोतं. आळीतल्या बाया म्हणत होत्या, "हिराबाय, पोऱ्या सुटलाय गो!" हिराबाई पदराने टीव्हीची काच पुसत होती. चित्र आडवं ओढलेलं होतं हे मला दिसत होतं. पण म्हसळ्याचा धडा ताजा होता, मी आकाराला हात लावला नाही.

पुढे कंपनीने खेळाची वाहिनीही एचडीत आणली आणि हिराबाईच्या घरून नोंदणी आली. जनूभाऊने मला फोनवरच सांगितलं, "सदाशेठ, संध्याकाली सामना हाय. आख्खी आली बोलावलीय. पोऱ्या आज एचडीत येनार!"

मी निघालो. पोयनाड नाक्यावर वडापाव तोंडात होता, तेवढ्यात फोन वाजला.

"काका, कल्पेश बोलतोय. तुम्ही आज आमच्याकडे एचडी लावताय ना? बाबा सांगत होते."

"हो रे. पोचतोच आहे."

"नका लावू, काका."

मला वाटलं आवाज नीट येत नाहीये. "काय म्हणालास?"

"भुवईवर टाके पडलेत माझ्या. करंगळी मोडलीय, ती शेजारच्या बोटाला बांधून खेळतोय. वजन उतरवायला लावलं, त्यात गाल पार आत गेलेत. जुन्या डब्यावर आईला यातलं काही कळत नाही. एचडीत सगळं दिसणार. मग ती एक फोन करील आणि मला यावंच लागेल, काका. पुन्हा नाही कोणी घेणार मला."

"अरे, समजावून सांग तिला."

"माझ्या आईला ओळखता ना तुम्ही?"

ओळखत होतो. मी वडापाव कागदात गुंडाळून ठेवला.

"चित्र वाईटच राहू द्या, काका," पोरगं अगदी काकुळतीला आलं होतं. "एवढा मोसम संपेपर्यंत तरी."

चित्र चांगलं करा म्हणून लोकांनी माझे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवलेत. एकाने तर डिशला लिंबू-मिरची बांधली होती. पण चित्र वाईट ठेवा म्हणून विनवणारा हा पहिलाच. माझ्यासारख्या माणसाला ते लागतं. इतकी वर्षं नखाएवढ्या फरकासाठी पत्र्यावर घाम गाळला तो काय याच्यासाठी? पण त्या पोराचा आवाजही कानातून जाईना. शिवाय आमच्या धंद्यात सबबींची वाण नसते. ढग आहेत, वरून प्रॉब्लेम आहे, कंपनीचं काम चालू आहे. गिऱ्हाईक वर आभाळाकडे बघतं आणि मान डोलावतं. गावात पोचेपर्यंत माझा बेत ठरला होता. डबा नवा बसवायचा, वायर मात्र तीच तीन शेपट्यांची ठेवायची आणि चित्र ओढलेलंच राहू द्यायचं. जनूभाऊला एचडी, कल्पेशला अभय.

छपरावर गेलो. खाऱ्या वाऱ्याने डिशचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. ते सोडवले, नवे घातले, तोंड जुळवलं. खाली अंगणात जनूभाऊने चटया अंथरल्या होत्या. बाया, पोरं, म्हातारे येऊन बसत होते. टीव्ही ओटीवर आणून ठेवला होता. मी डबा जोडला, जुनी वायर खोचली आणि खाकरून म्हटलं, "लागलं एचडी."

"वा, वा!" जनूभाऊ ओरडला. "काय लख्ख हाय!"

हिराबाई चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली. टीव्हीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"ह्यो एचडी?"

"हो."

"जरा मागं ये."

मागच्या पडवीत मी तिच्यापुढे उभा राहिलो, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा.

"दादूस," ती हळू आवाजात म्हणाली, "मागच्या सामन्याला मी पेनला बहिनीकडं होते. तिच्याकडं एचडी हाय. कसा दिसतंय ता मना म्हाईत हाय."

मी हातातला पाना पिशवीत टाकला.

"सगला बगितला मी. टाकं बगितलं. बांधलेली करंगली बगितली. तोंड एवढासा झालाय पोराचा." पिठाच्या बोटांनी तिने लिंबाएवढं माप दाखवलं. "त्याचा फोन आला व्हता ना तुला?"

"आला होता."

"मंग बरोबर. त्याशिवाय तू खराब काम करून जानारा न्हाय."

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाला मिळालेली ही सगळ्यात मोठी पावती, आणि ती मिळाली चोरी पकडली गेल्यावर.

मी विचारलं, "हिराबाई, मग तुमची अट?"

"अट मी घातली ती त्यो सांभालून खेलावा म्हनून. पोराला कुनाचा तरी धाक पायजे. बापाचा हाय का?" अंगणातून जनूभाऊचा आवाज येतच होता. "मी पन खेललीय, दादूस. ह्याच गावच्या पोरींच्या संघात. डावा कोपरा. टाकं मलाबी पडलंत."

हे मला माहीत नव्हतं. आता ती उभी होती तेही एक पाय मागे टाकून, गुडघ्यात जरा वाकून.

"मग सांगून टाका ना त्याला, की तुम्हाला सगळं माहीत आहे. तोही सुटेल, मीही सुटेन."

"न्हाय सांगायचा. आई बगते ह्या कलला, का घोटा धरताना त्याला आई आठवंल. कोपऱ्यावरच्या मानसाला आई आठवली का हात सुटतंय."

"मग एचडी तरी कशाला?"

"त्याचं डोलं बगायला. पेनला त्यो राखीवमंदी बसलेला. कडंला बसलेला बगितला, खेलताना न्हाय. आज खेलनार हाय. लागल्यावर मानूस भिऊन खेलतो का काय, ता डोल्यात दिसतंय. आनि भिऊन खेलला, का मंग खरा मोडतंय. भिला असला तर उद्याच बोलावनार मी त्याला. मंग कुनाचा काय ऐकनार न्हाय. जा, लाव नीट."

म्हणजे त्या पोराचं पुढचं सगळं आयुष्य आता माझ्या पिशवीतल्या हातभर वायरवर आलं. मी ती काढली, जोडली, चित्राचा आकार सरळ केला.

अंगणात एकदम गलका झाला. मैदानावरची रेघन् रेघ दिसत होती. खेळाडूंच्या अंगावरचा घाम दिसत होता. आणि जनूभाऊ ताडकन उठला.

"सदाशेठ! अरे, पोऱ्याला बारीक केलास!"

"जनूभाऊ, एचडीत सगळेच बारीक दिसतात. पंच बघा."

त्याने पंचाकडे निरखून बघितलं. "व्हय रे. पंच पन उतरलाय." मग पुन्हा त्याची नजर पोरावर गेली. "आनि भुवईला ती पट्टी कसली?"

हिराबाई दारातूनच म्हणाली, "जायरात असंल. हल्ली अंगभर लावतात."

जनूभाऊने आळीकडे वळून अभिमानाने सांगितलं, "कपालावर जायरात मिलाली आपल्या कल्पेशला!" आळीने टाळ्या वाजवल्या.

सामना अटीतटीचा झाला. मी टीव्ही कमी आणि हिराबाईलाच जास्त बघत होतो. ती बसली नाही. शेवटाला समोरच्या संघाचा एक धिप्पाड गडी चढाईला आला आणि सरळ डाव्या कोपऱ्याकडे सरकला. दुखावलेला खेळाडू कुठे आहे हे त्यालाही ठाऊक असणार. कॅमेरा कल्पेशच्या चेहऱ्याजवळ गेला. गाल बसलेले, भुवईवर पट्टी, आणि पट्टीखाली डोळे. दारात हिराबाईचा डावा पाय मागे गेला, गुडघे वाकले, पिठाचे हात पुढे आले. कल्पेशने सूर मारला. घोटा धरला तो बांधलेल्या बोटांनीच. त्या गड्याने त्याला फरफटत मधल्या रेषेपर्यंत ओढत नेलं, लाथाही झाडल्या, पण हात सुटला नाही. मग बाकीचे येऊन पडले आणि पंचाने शिट्टी फुंकली.

आळीने जो कल्लोळ केला तो पोयनाडपर्यंत ऐकू गेला असेल. जनूभाऊ नाचत होता. हिराबाई ओरडली नाही. ती दारातच खाली बसली, म्हणाली, "न्हाय भिला," आणि मनगटाने डोळे पुसले. तरी पीठ गालाला लागलंच. मी उगाचच वायरी गुंडाळत बसलो.

मग तिने जनूभाऊला हाक मारून बजावलं, "त्याला एचडीचा काय बोलू नका हां. मोसम संपवून घरी आला का दाखवू, सरप्राईज." जनूभाऊला ही कल्पना इतकी आवडली की ती आपलीच आहे असं तो सगळ्यांना सांगायला लागला.

लोक पांगत होते तेवढ्यात माझा फोन वाजला. पत्र्यावर ऐकू यायला पाहिजे म्हणून मी आवाज कायम मोठा ठेवतो.

"काका, लावलं का हो?" तो अजून धापा टाकत होता.

हिराबाई समोरच उभी होती. तिने मान हलवली, नाही.

"नाही रे," मी म्हटलं. "जमलं नाही आज. जुनंच आहे."

पलीकडून मोठा सुस्कारा आला. "उपकार झाले, काका. आई आहे का तिथे? द्या ना."

तिने फोन घेतला आणि टीव्हीजवळ गेली. पडद्यावर मघाची पकड पुन्हा दाखवत होते, त्याचाच चेहरा, पडदाभर. गालाची हाडं वर आलेली, पट्टीच्या कडेला रक्ताचा ठिपका.

"जेवलास का रं?"

"आत्ता जेवणार, आई. इथे मस्त असतं गं खायला."

"व्हय, दिसतंय ना," हिराबाई म्हणाली आणि काचेवरच्या त्या बसलेल्या गालावर पिठाचं बोट ठेवलं. "गाल बग कसं सुटलंत तुझं. जरा कमी खात जा."